वीस किलोंचा फरक

"गाडी काट्यावर चढवा आणि दोघंही खाली उतरा," मी म्हणालो.

गौतम खिल्लारेनं हँडलवरचे हात काढले नाहीत. "वजन कशाला साहेब? आपलं तर अंतराचं ठरलंय. एका चार्जिंगमध्ये कराडला जाऊन परत."

"अंतर तुझं. वजन माझं."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो तीनचाकी टेम्पो आमच्या फौंड्रीच्या वजनकाट्यावर चढवला. आण्णा खाली उतरले, तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. मला वाटलं, आपण आणलेल्या माणसाचा असा पाणउतारा होतोय म्हणून वाईट वाटलं असेल. वाटू दे म्हटलं. काट्याचा बेत मी मुद्दामच कुणाला सांगितला नव्हता, आण्णांनासुद्धा नाही.

आकडा आला, नऊशे साठ किलो. मी चिठ्ठी खिशात घातली.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली. आमची फौंड्री म्हणजे बिडाची ओतकामं करणारा कारखाना, मी आणि माझे थोरले भाऊ आदगोंडा मगदूम, म्हणजे आण्णा, दोघांचा. तीस वर्षं आम्ही डिझेल इंजिनांची सिलिंडर हेड ओतत आलो होतो. आणि आता जो भेटेल तो म्हणत होता, विजेच्या गाड्या येणार. विजेच्या गाडीला सिलिंडर नसतो, मग त्याचं हेड कुठून असणार? शिरोलीतल्या सगळ्याच फौंड्रीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आम्ही सहा-सात जणांनी ठरवलं, चांगली वेळ आहे तोवर नव्या धंद्यात पैसा घालायचा.

अशा वेळी आण्णांनी गौतमला आणलं. तो बॅटरीच्या पेटीसाठी ओतीव झाकणं करून घ्यायला आमच्याकडे आला होता आणि आण्णांशी गप्पा मारत भट्टीपाशी दोन तास बसला होता. मूळचा हिंगोलीकडचा. पुण्यातली नोकरी सोडून गोकुळ शिरगावात एका पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसांना घेऊन बॅटऱ्या करत होता. बॅटरीच्या आतल्या पातळ पत्र्यांना द्यायचा एक लेप त्यानं शोधून काढला होता. त्या लेपामुळे तेवढ्याच वजनाची बॅटरी दुप्पट अंतर जाते, असं त्याचं म्हणणं. शेडमधला शेवटचा पैसा संपत आला होता. आम्ही हात दिला तर कारखाना उभा राहणार, नाही दिला तर शेडला कुलूप, हे त्यानं पहिल्याच भेटीत सरळ सांगून टाकलं.

मला ते सरळ सांगणंच खटकलं. कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय असं मला वाटतं, आणि जास्त बोलणारा तर लपवत असतोच. शिवाय त्याचं आडनाव ऐकल्यावर मी मनातल्या मनात जी नोंद घ्यायची ती घेतली होती. आज लाज वाटते, पण घेतली होती हे खरं.

बॅटरी उघडून दाखव म्हटलं तर म्हणाला, "पेटंटचे कागद हातात येईपर्यंत नाही."

"मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"चालवून बघा साहेब. पाहिजे तेवढा माल भरा, पाहिजे तो माणूस शेजारी बसवा."

त्याच्या दोन वर्षं आधी एकानं पाण्यावर चालणारी मोटारसायकल दाखवून आमच्या निम्म्या लोकांना टोपी घातली होती. त्यातून मी एकटा वाचलो होतो आणि त्या वाचण्याचा मला भारी गर्व होता. तेव्हापासून कुणी काही नवीन आणलं की सगळे म्हणायचे, आधी भूपाल मगदूमना दाखवा. त्यांनी मान हलवली की आम्ही तयार. ती मान मी काही फुकट हलवणार नव्हतो.

मी रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करत होतो, हा फसवायचा कसा फसवेल? वाटेत बॅटरी बदलणं, एवढाच मार्ग होता. कुठंतरी अगोदर ठेवलेली भरलेली बॅटरी घालायची, संपलेली काढून ठेवायची. पेटीला सील लावावं तर सील निघतं. लाख लावावी तर लाख वितळते. पण आम्ही फौंड्रीवाले. आम्ही कच्चं लोखंड वजनावर घेतो आणि ओतलेला नग वजनावर विकतो. माल पोकळ निघाला तर आधी काटा सांगतो, मग डोळा. दोन बॅटऱ्या दिसायला जुळ्या करता येतील, पण कनेक्शनं, पट्ट्या, नटबोल्ट सगळं धरून वजन जुळवणं सोपं नाही. डिझेलची गाडी असती तर तेल जळून वजन कमी झालं म्हणता आलं असतं. विजेला वजन कुठलं? जेवढी गेली तेवढीच परत आली पाहिजे.

शेजारी बसायला आण्णाच तयार झाले. मला बरंच वाटलं. आण्णा सत्तरीचे, वहिनी गेल्यापासून माझ्याच घरात राहायचे. एक मुलगी होती, त्रिशला, पण तिचं नाव घरात काढायचं नाही असा माझा नियम होता. खाण्यापिण्याचं त्यांचं सगळं सोवळं. डबा घरचा, पाणी घरचं गाळून घेतलेलं, बाहेरच्या चहालासुद्धा शिवायचे नाहीत. म्हणजे वाटेत कुठं थांबायचं कारण नाही. माल म्हणून पन्नास नग भरले. त्यावर ताडपत्री आण्णांनी स्वतः बांधली, कुणाला हात लावू दिला नाही.

"वाटेत थांबायचं नाही, गाडी सोडायची नाही," मी गौतमला बजावलं.

"नाही थांबणार, नाही सोडणार."

"आण्णा, बॅटरीवरची नजर हलवू नका."

"व्हय रं," आण्णा म्हणाले, आणि सकाळी नऊला टेम्पो फाटकाबाहेर पडला. आवाजच नव्हता त्याला. मला तेही आवडलं नाही.

अकराला आण्णांचा फोन आला. "कराडात हाय. वळलोय आता."

"बॅटरी किती आहे?"

"निम्म्याच्या वर दावतीया. भूपाल, पोरगं खोटं न्हाई बग."

"ते मी ठरवतो."

बाराच्या सुमाराला मी पुन्हा फोन लावला. रिंग जात होती, उचलत नव्हते. पुन्हा लावला, तेच. मी ऑफिसातून उठून भट्टीकडे गेलो, भट्टीकडून फाटकाकडे. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आण्णांना पाण्यातून काही दिलं नसेल? पण पाणी घरचं होतं. मग बोलण्यात गुंगवलं असेल. म्हाताऱ्या माणसाला गुंगवायला किती वेळ लागतो? शेवटी आण्णांनी फोन उचलला आणि म्हणाले, "गाडीचा आवाज हुता, ऐकू आलं न्हाई."

त्या गाडीला आवाज नसतो, हे मी सकाळीच ऐकलं होतं.

पावणेदोनला टेम्पो फाटकातून आत आला. गौतम उतरून माझ्यापाशी आला, अंगावर धूळ, पण चेहरा उजळलेला. तेवढा एकदाच मी त्याला हसताना पाहिलं. "अठरा टक्के शिल्लक आहे साहेब. एकशे बेचाळीस किलोमीटर. भरलेल्या मालासकट."

"छान," मी म्हणालो. "आता परत काट्यावर घ्या."

आण्णा खाली उतरता उतरता थबकले. "आता आनि कशाला रं? माल तर तसाच हाय."

"तसाच असेल तर वजनही तसंच येईल."

आकडा आला, नऊशे चाळीस.

मी पुन्हा घ्यायला लावलं. गाडी खाली उतरवली, काटा शून्यावर आणला, गाडी परत चढवली. नऊशे चाळीसच. ताडपत्री सोडून मी स्वतः नग मोजले. पन्नास. एकही कमी नाही. गाडीची चाकं जागेवर, जादाचं चाक जागेवर, आण्णांचा डबा आण्णांच्या हातात. मग राहिलं काय? बॅटरी.

माझ्या अंगात काय संचारलं ते सांगता येत नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. खरं सांगायचं तर आनंद होता. सापडला!

"वीस किलो कुठं गेले?" मी विचारलं.

गौतम काट्याच्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्यानं ताडपत्रीकडे पाहिलं, आणि मग त्याला काहीतरी उमगल्यासारखं दिसलं. मला वाटलं, पकडला गेल्याचं उमगलं.

"बॅटरी तीच आहे साहेब," तो हळू म्हणाला.

"तुझ्या लॅपटॉपवर गाडी कुठं कशी चालली ते सगळं उमटतं ना? दाखव."

त्यानं खुशाल लॅपटॉप उघडून माझ्यासमोर धरला. हेही मला कोडगेपणाचंच वाटलं. बारा वाजून चार मिनिटांनी गाडी थांबलेली. सव्वाबाराला निघालेली. पेठनाक्याच्या अलीकडे, कामेरीत. अकरा मिनिटं.

"थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"हो."

"तरी थांबलास."

"थांबलो. पण बॅटरीला कुणी हात लावला नाही. मी गाडीवरून उतरलोसुद्धा नाही."

"मग कशाला थांबला होतास?"

मी पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे न बघता आण्णांकडे बघत होता. विनवल्यासारखं नाही. नुसता वाट बघत होता.

मी आण्णांकडे वळलो. "आण्णा, तुम्ही शेजारीच होता. कशाला थांबली गाडी? काय केलं यानं?"

आण्णांनी डब्याची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. त्यांच्या हातांना ती नीट बसवता येईना. उन्हानं शिणले असतील असं मी धरलं.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "मला डुलकी लागली हुती."

त्यानंतर विचारायचं काही उरलं नव्हतं. ज्याला नजर ठेवायला बसवला तोच झोपला, आणि तो झोपल्याचं बघून यानं काम उरकलं. इतकं स्वच्छ होतं सगळं.

गौतमनं लॅपटॉप मिटला. "साहेब, उद्या परत चालवतो. आण्णा नकोत, तुम्ही स्वतः शेजारी बसा. आज रात्री गाडी तुमच्या फौंड्रीत कुलपात ठेवा."

"कशाला? उद्या दुसरी युक्ती काढशील. तुझ्यासारखे लई बघितलेत."

आमचे पन्नास नग त्यानं आमच्या माणसांबरोबर खाली उतरवले, ताडपत्री घडी करून ठेवली. मग आण्णांपाशी जाऊन वाकून नमस्कार केला. "येतो आण्णा. तब्येत सांभाळा."

नाटकी मेला, असं मी मनात म्हणालो. आण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायलाच विसरले.

दिवस मावळायच्या आत मी बाकीच्या सगळ्यांना फोन केले. हातचलाखी आहे, रंगेहाथ पकडला, म्हणालो. शिरोलीतून ती गोष्ट हुपरी-इचलकरंजीपर्यंत गेली, तिखटमीठ लावून. गौतमला कुणीच दारात उभं केलं नाही. दिवाळीच्या आत त्याच्या शेडला कुलूप लागलं. तो लेप त्यानं परमुलखातल्या कुठल्याशा कंपनीला देऊन टाकला आणि तिथंच नोकरीला लागला, एवढं कानावर आलं. आम्ही पैसा नव्या मोल्डिंग यंत्रात घातला. पंपांची कामं मिळाली, बुडालो नाही. त्या लेपाच्या बॅटऱ्यांवर आज गाड्या पळतात, हे मला दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात समजलं. तेव्हासुद्धा मी स्वतःची समजूत घातली की लेप खरा असेल, पण त्या दिवशीची गाडी खोटी होती. काटा खोटं सांगत नाही.

आण्णांनी त्या दिवसापासून फौंड्रीत येणं कमी केलं. गुडघ्याचं निमित्त सांगायचे. एकदा दुपारी पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "भूपाल, ते पोरगं चांगलं हुतं रं."

"तुम्ही झोपला होता आण्णा."

त्यांनी घास खाली ठेवला. "व्हय," म्हणाले, आणि हात धुवायला उठले. पुढं चार वर्षांनी ते गेले, तोवर तो विषय आमच्यात निघाला नाही.

आण्णांच्या नावची जमीन होती, वडिलांपासूनची. कायद्यानं ती मुलीकडे जाते. वकील म्हणाले, त्रिशलाची हक्कसोडपत्रावर सही आणा. ती एका गुरवाच्या मुलाबरोबर लग्न करून गेली त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. तेव्हा भावकीच्या देखत मी सांगितलं होतं, तिच्या उंबऱ्यावर ज्याचा पाय पडेल त्यानं या घरात परत यायचं नाही. आण्णा तेव्हा समोरच बसले होते. त्यांच्या मरणाचा निरोपही मी तिला मुद्दाम उशिरा धाडला होता. आता सहीसाठी मात्र मी तिच्या दारात निघालो. पत्ता कामेरीचा होता. गाडीत बसून तो वाचताना मला काहीसुद्धा आठवलं नाही, यावर माझाच आता विश्वास बसत नाही.

"काका? या की, आत या," ती म्हणाली. मी कशाला आलो ते तिनं विचारलं नाही. मला थेट स्वयंपाकघरात नेऊन पाट दिला. चुलीवर भाकरी चालू होती.

तवा बिडाचा होता. कडेला वर्तुळात 'म' उमटलेला, आमच्या फौंड्रीचा शिक्का. फळीवर कढई होती, आप्पेपात्र होतं आणि कोपऱ्यात खलबत्ता. सगळ्यांवर तोच शिक्का.

आमच्या घरची मुलगी सासरी जाते तेव्हा ही चार भांडी घरच्या भट्टीत ओतून तिच्याबरोबर द्यायची पद्धत आहे. माझ्या दोन्ही मुलींना दिली. त्रिशलाला द्यायचा प्रश्नच नव्हता.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"आण्णांनी आणून दिली. स्वतः ओतली म्हणाले, माणसं घरी गेल्यावर." तिनं भाकरी उलटली. "तेवढे एकदाच आले ते. मी पाणी दिलं तर प्याले, घरचं आहे म्हणाले. दहा मिनिटंसुद्धा थांबले नाहीत."

मी उठून कढई उचलली, मग आप्पेपात्र, मग खलबत्ता. लोखंडाचं वजन आमच्या हाताला कळतं. खलबत्ता जागेवर ठेवून मी परत पाटावर बसलो.

"कशातून आले होते?"

"तीनचाकी टेम्पोतून. चालवणारे दादा हिंगोलीकडचे. त्यांना किती आग्रह केला आत या म्हणून. नाही म्हणाले, गाडी सोडणार नाही असा शब्द दिलाय. तिथंच उन्हात बसून राहिले." तिनं माझ्याकडे पाहिलं. "निघताना आण्णांनी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, माझ्या भावाला हे कळू देऊ नका. काका, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"त्या दादांचा दर दिवाळीला फोन येतो," ती म्हणाली. "नंबर देऊ?"

मी तिथंच, तिच्या चुलीसमोर बसून फोन लावला. दोन रिंगांत उचलला.

"भूपाल मगदूम बोलतोय. शिरोलीहून."

"बोला साहेब." आवाजात काही राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"मी त्रिशलाच्या घरी आहे."

"बरं झालं," तो म्हणाला. "आण्णांना फार वाटत होतं."

"तू माहीत असून गप्प बसलास? तुझी शेड गेली, चार माणसांची नोकरी गेली, गावभर नाव खराब झालं. काट्यापाशी एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथं हो म्हणालो असतो!"

"माहीत होतं साहेब. तिथं उभा राहून मी तेच ठरवत होतो. आण्णा बोलतील म्हणून थांबलो. त्यांचे हात बघितले आणि मग सोडून दिलं. तुम्ही मला पैसे दिले असते, ते खरं. पण त्या संध्याकाळी आण्णांना तुमच्या घरात जेवायला वाढलं असतं का?"

त्रिशला तव्यावरची भाकरी काढायची थांबून माझ्याकडे बघत होती. वाढलं असतं की, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती ऐकत होती.